धुण्याचा सोडा, जुनी फियाट आणि मायकेल फॅरेडे

मागच्या मे महिन्यात परीक्षा आटोपून घरी गेलो, तर काकांनी भंगारवाल्याशी बोलणी करून ठेवलेली. सौदा होता आमच्या फियाटचा. १९६८ ची फियाट अकराशे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली. बाबांनी ती तालुक्याच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली, माझ्या जन्माच्याही आधी. बाबा गेले आणि त्यानंतरचे तीन पावसाळे गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकाच जागी उभी राहिली.

बाहेरून ती तेवढी वाईट दिसत नव्हती. दार उघडलं आणि आत बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. समोरच्या काचेचं रबर वाळून तडकलं होतं आणि तिथून झिरपलेलं पाणी सरळ लोखंडी डॅशबोर्डवर उतरलं होतं. सीटची फ्रेम, सीट मागेपुढे सरकते ते रूळ, ॲश-ट्रे, छतातल्या दिव्याची कडी, स्पीकरची जाळी... सगळं गंजून चॉकलेटी झालेलं. हात लावला की पापुद्रे निघत होते. भंगारवाला वजनावर घेणार होता, त्याला काय फरक पडतो म्हणा!

मी ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडलं. मला तेच बघायचं होतं. त्या पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबा खिळ्याने आकडे कोरायचे. ऑइल बदललं की मीटरचं रीडिंग. वही-डायरी ठेवणं त्यांना कधी जमलं नाही, पण हे आकडे मात्र एकाखाली एक, वीस-बावीस ओळी तरी असतील. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून ते मोठ्याने वाचायचो. आता तिथे गंजाचा एक फुगलेला थर होता आणि खालचे दोन-तीन आकडे कसेबसे ओळखू येत होते. गंमत म्हणजे, गंज सुरूच त्या आकड्यांपासून झाला असणार. खिळ्याने रंग ओरखडला गेला, लोखंड उघडं पडलं, पाण्याला वाट मिळाली.

आईला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब, काकांना तेवढं तू सांग. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला नाही. मी आतले सुटे होणारे पार्ट काढले, पोत्यात भरले आणि सुट्टी संपल्यावर एसटीने हॉस्टेलवर आणले. कंडक्टरने पोत्याचं अर्धं तिकीट लावलं.

आता हा लेख खरं तर एका माणसाच्या चरित्राबद्दल आहे, पण त्याच्याकडे मी या पोत्यातूनच पोचलो. त्यामुळे थोडा धीर धरा.

हॉस्टेलवर सल्ल्यांना तोटा नसतो. रूम पार्टनर म्हणाला, ड्रिलला तारेचा ब्रश लाव, पाच मिनिटांत चकाचक. ॲश-ट्रेवर करून पाहिलं. चकाचक झाला खरा, पण त्यावरची बारीक नक्षीही गंजाबरोबर गेली. समोरच्या रूममधल्याने ॲसिड सुचवलं, संडास धुवायचं. एक फालतू पट्टी त्यात बुडवली. फेस आला, गंज गेला, आणि बाहेर काढायला उशीर झाला तर चांगलं लोखंडही पातळ झालं. वर सकाळी त्या पट्टीवर नवा केशरी गंज हजर! यातली कुठलीच युक्ती त्या झाकणावर चालणार नव्हती. आकड्यांच्या खोबणी अर्धा मिलिमीटरही खोल नव्हत्या.

शेवटी वर्कशॉपमधल्या फिटर काकांनी मार्ग दाखवला. प्लॅस्टिकची बादली, पाणी, त्यात दोन-तीन मुठी धुण्याचा सोडा, आणि एक बॅटरी चार्जर. चार्जरची काळी वायर गंजलेल्या पार्टला, लाल वायर एखाद्या टाकाऊ लोखंडाच्या सळईला, दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. पार्टवरून बुडबुडे येतात, गंज सुटून काळा गाळ होतो, खालचं चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. काकांनी तीन गोष्टी बजावल्या. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव वस्तू यात टाकायच्या नाहीत, सोडा त्यांना खातो. सीटच्या स्प्रिंगा टाकायच्या नाहीत, कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते काचेसारखं तुटतं. आणि लाल-काळी वायर उलटी लावायची नाही. उलटी लावलीस, तर सळई वाचेल आणि तुझा पार्ट विरघळेल.

पहिली सूचना मी मोडलीच. दाराची एक ॲल्युमिनियमची पट्टी लोखंडाची समजून रात्रभर आत ठेवली. सकाळी काळी आणि खरखरीत. ती आता शोभेपुरतीही उरली नाही.

तिसरी सूचना मात्र डोक्यात बसली. कुठला धन, कुठला ऋण, ॲनोड काय आणि कॅथोड काय, हे मी फर्स्ट इयरला दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं आणि पेपर दिला त्याच संध्याकाळी विसरलो होतो. आता चूक झाली तर बाबांचे आकडे जाणार होते. म्हणून लायब्ररीत जाऊन नीट वाचायला घेतलं. हे शब्द आणले कोणी, असा प्रश्न पडला आणि मायकेल फॅरेडे भेटला.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. बाप जेम्स लोहार. उत्तर इंग्लंडातून पोटासाठी लंडनला आलेला आणि तिथे प्रकृतीने साथ सोडलेला. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ सालच्या महागाईत त्याला एक पाव मिळायचा आणि तो आठवडाभर पुरवायचा असे. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडंफार गणित. बस्स. लोहाराच्या घरातला हा पोरगा लोखंड आणि गंज जन्मापासून बघत असणार, असं मला उगीचच वाटतं.

तेराव्या वर्षी, १८०४ मध्ये, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. वर्तमानपत्रं घरोघर टाकायची आणि परत आणायची. वर्षभराने रिबोने त्याला सात वर्षांसाठी बाइंडिंगच्या कामात उमेदवार म्हणून घेतलं, तेही फी न घेता. इथे त्याचं नशीब उघडलं म्हणायचं. बांधणीला आलेली पुस्तकं तो शिवायच्या आधी वाचायचा. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं रसायनशास्त्राचं संवादरूपी पुस्तक वाचलं. आणि वाचून थांबला नाही. तांब्याच्या अर्ध्या पेन्या, तशाच जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून त्याने बॅटरी केली आणि तिच्यावर क्षाराचं द्रावण फोडून पाहिलं. आमच्या बादलीतला प्रयोग त्याने १८१२ मध्ये एका दुकानाच्या माडीवर केला होता. चार्जर नव्हता एवढंच.

संध्याकाळी एका गृहस्थांच्या घरी विज्ञानाची व्याख्यानं व्हायची. एका व्याख्यानाला एक शिलिंग. ते पैसे त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा. तोही लोहारच. मोठ्या भावाने घाम गाळून धाकट्याच्या क्लासची फी भरायची, हे आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या पोरांना वेगळं सांगायला नको.

१८१२ मध्ये रिबोच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा सुपरस्टार. मायकेलने गॅलरीत बसून टिपणं घेतली, घरी येऊन ती सुवाच्य उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच बाइंडिंग केलं आणि तो जाडजूड ग्रंथ डिसेंबरमध्ये डेव्हीला पाठवून दिला. आपण जर्नलं उतरवतो ती सही मिळण्यासाठी. याने जर्नल लिहिलं ते नोकरी मिळण्यासाठी, आणि मिळाली! लगेच नाही. तिथला एक मदतनीस मारामारीत काढून टाकला गेला आणि जागा रिकामी झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माळ्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याचं काम याच इमारतीत चाललं.

पहिल्या काही आठवड्यांतच नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटांनी त्याचं स्वागत केलं. एकदा तर हातातली नळी फुटून बोटाचं नख फाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही पती-पत्नीबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. दीड वर्ष. पॅरिसमध्ये आयोडीन, इटलीत म्हातारा व्होल्टा, असं बरंच बघायला मिळालं. पण डेव्हीचा नोकर ऐनवेळी यायचा राहिला होता, त्यामुळे कपडे-सामान बघण्याचं कामही याच्याच गळ्यात पडलं, आणि डेव्हीच्या बायकोने त्याला कायम गड्यासारखंच वागवलं. परत जावं असं त्याला वाटत होतं. तो राहिला तो शिकण्यासाठी. मला स्वतःला डेव्हीचा राग येतो, पण त्याच्याशिवाय फॅरेडे पुस्तकं शिवतच राहिला असता हेही खरं.

इथे परत बादलीकडे यावं लागेल, कारण आमचा एक गाढवपणा फॅरेडेच्या पुढच्या कामाशी जोडलेला आहे.

स्पीकरची जाळी बादलीत टाकली तेव्हा सळई संपली होती. मग मेसमधले स्टीलचे चार चमचे लाल वायरला बांधले. काम झकास चाललं, चमचे गंजत नव्हते, गाळही कमी. तासा-दोन तासांत पाणी पिवळं झालं. आम्हाला वाटलं गंजाचा रंग. केमिस्ट्री लॅबचे असिस्टंट सर सहज तिथून जात होते, त्यांनी ते पाणी बघितलं आणि आधी प्लग काढायला लावला. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. धनाग्रावर ते विरघळतं आणि पाण्यात सहा संयुजेचं क्रोमियम तयार होतं, जे विषारी आहे आणि कॅन्सरला कारण ठरतं. आम्ही ते पाणी बाथरूममध्ये ओतणार होतो! सरांनी बादली लॅबमध्ये नेली, त्यात थोडं ॲसिड आणि हिराकस घालून ते क्रोमियम कमी विषारी रूपात आणलं, मग चुन्याने गाळ खाली बसवला. मेसच्या चमच्यांचे पैसे आम्ही भरले.

तर पोलादात क्रोमियम घालून बघणाऱ्या पहिल्या काही लोकांत फॅरेडे होता. दौऱ्यावरून परतल्यावर, १८१८ च्या सुमारास, जेम्स स्टोडार्ट नावाच्या शस्त्रं-अवजारं करणाऱ्या कारागिराबरोबर त्याने मिश्र पोलादांवर काम सुरू केलं. हेतू दोन. धार जास्त टिकावी, आणि आरशासाठी वापरता येईल असा सहजासहजी न गंजणारा धातू मिळावा. सुरुवात झाली ती आपल्या दक्षिण भारतातल्या पोलादापासून, ज्याला इंग्रज वूट्झ म्हणत. १८१९ मध्ये फॅरेडेने त्याचं पृथक्करण केलं आणि त्याची खासियत ॲल्युमिनियममुळे आहे असा निष्कर्ष काढला. तो चुकला होता, खरी करामत भरपूर कार्बनची. पण त्या चुकीतून तो भट्टीसमोर उभा राहिला आणि पोलादात प्लॅटिनम, चांदी, निकेल, ऱ्होडियम, क्रोमियम असं काय काय वितळवत गेला. त्यातल्या काही पोलादाचे वस्तरे करून त्याने मित्रांना भेट दिले. बाजारात मात्र यातलं फारसं काही चाललं नाही. स्टोडार्ट वारला आणि काम थांबलं. नमुने एका पेटीत पडून राहिले. शंभरेक वर्षांनी रॉबर्ट हॅडफील्ड या धातुशास्त्रज्ञाने ते तपासून १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. न गंजणारं पोलाद व्यवहारात यायला १९१३ साल उजाडावं लागलं. फियाटवाल्यांनी त्यातलं थोडं आमच्या सीटच्या रुळांत घातलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

याच काळात डेव्हीकडे नौदलाचं एक काम आलं होतं. जहाजांच्या तळाला मारलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्याने झिजत होता. डेव्हीने १८२४ मध्ये पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तुकडे झिजतात, तांबं वाचतं. प्रयोग यशस्वी, पण जहाजं फसली. कारण झिजणारं तांबं विषारी असायचं आणि त्यामुळेच शंखशिंपले चिकटत नसत. तांबं वाचलं तसे तळाला शिंपल्यांचे थर चढले आणि जहाजांचा वेग गेला. लाल वायरला लावलेली सळई स्वतः खर्ची पडते आणि काळ्या वायरचा पार्ट वाचतो, हे बघताना मला डेव्हीचे ते तुकडे आठवत राहतात.

गुरू-शिष्यांत तोवर बिनसलं होतं. १८२१ मध्ये, सारा बर्नार्डशी लग्न झालं त्याच वर्षी, फॅरेडेने विजेच्या तारेला चुंबकाभोवती फिरवून दाखवलं. मोटरचा हा पहिला अवतार. छापताना वोलस्टनचा उल्लेख केला नाही म्हणून कल्पना चोरल्याची कुजबुज झाली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाला त्याचं नाव आलं तेव्हा अध्यक्ष होता डेव्ही, आणि विरोधही डेव्हीचाच. तरी तो निवडून आला. विरोधात मत पडलं फक्त एक.

१८२५ मध्ये बेंझीन, २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या गुंडाळून विद्युत-चुंबकीय प्रवर्तन... हे सगळं तुम्हाला माहीत आहे, इलेक्ट्रिकलवाल्यांना तर माझ्यापेक्षा जास्त. मी पुढे जातो, कारण माझं झाकण अजून पोत्यातच आहे.

बाकीचे पार्ट सुधारल्यावर धीर आला. एका शनिवारी रात्री झाकण बादलीत सोडलं. बाहेर पाऊस होता म्हणून बादली रूममध्ये, कॉटखाली, खिडकी बंद. चार्जर तीन ॲम्पियरवर. अकराला रेक्टर सर राउंडला आले. आम्हाला वाटलं आता एक्स्टेन्शन बोर्डवरून बोलणी बसणार. सर खाली वाकले, बुडबुडे बघितले, स्वतः खिडकी उघडली आणि मला मेसच्या बिलाच्या मागे एक गणित करायला लावलं. तीन ॲम्पियर, दहा तास, तर सकाळपर्यंत किती हायड्रोजन?

तीस ॲम्पियर-तास म्हणजे १,०८,००० कूलोम. भागिले ९६,४८५. त्याचं निम्मं, कारण हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात. साधारण ०.५६ मोल. गुणिले २२.४. उत्तर आलं साडेबारा लिटर. थोडी वीज गंज फोडण्यात जाते, ती सोडली तरी दहा-अकरा लिटर हायड्रोजन, वर दुसऱ्या टोकाचा ऑक्सिजन, आणि शेजारच्या कॉटवर रूम पार्टनरचा मच्छर अगरबत्तीचा डबा. बादली त्याच मिनिटाला गच्चीवरच्या पत्र्याखाली गेली.

त्या गणितातला ९६,४८५ हा आकडा फॅरेडेच्या नावाचा. १८३२ ते १८३४ या काळात त्याने हेच शोधलं. वीज द्रावणातून जाते तेव्हा काय किती सुटतं? त्याने काचेच्या मापाच्या नळीत वायू गोळा करायचं उपकरण केलं. मग पट्ट्यांचा आकार बदलला, आम्ल कडक-पातळ केलं, बॅटरी कमी-जास्त केली. काहीही केलं तरी जेवढी वीज गेली तेवढाच वायू सुटला. आणि निरनिराळे पदार्थ सुटतात ते ठरलेल्या प्रमाणात. एक ॲम्पियर तासभर गेला तर लोखंड विरघळणार जास्तीत जास्त एक ग्रॅमच्या थोडं वर. वीज कशाची बनलेली आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉन सापडायला साठेक वर्षं बाकी होती, आणि या बाइंडरने तिला तागडीत घालून मोजलं. गणित त्याला येत नव्हतं हे खरं, त्याच्या वह्यांत समीकरणं जवळजवळ नाहीतच. (माझी एम-थ्री अजून राहिली आहे, पण तो विषय नको.) त्याच्या बलरेषांना गणितात मांडलं मॅक्सवेलने, ज्याचा जन्मच १८३१ चा.

शब्दांची गोष्टही याच वेळची. जुने शब्द त्याला खटकत होते, कारण त्यांत वीज कुठून कुठे वाहते याचा अंदाज गृहीत धरलेला होता. अंदाज चुकला तर शब्दही चुकतील. एका डॉक्टर मित्राच्या मदतीने इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट हे शब्द झाले. बाकीच्यांसाठी १८३४ मध्ये त्याने केंब्रिजच्या विल्यम व्हेवेलला पत्र लिहिलं. कल्पना अशी, की पृथ्वीचं चुंबकत्व विजेच्या प्रवाहामुळे असेल तर तो प्रवाह सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असावा. बादलीतली वीज त्या दिशेने धरली तर एक टोक उगवतीचं आणि एक मावळतीचं. व्हेवेलने त्यावरून ग्रीक शब्द दिले. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली उतरणारी. मित्रांनो, हे वाचल्यापासून माझी लाल-काळी वायर एकदाही चुकली नाही. लाल वायर उगवतीला, बाबांचं झाकण मावळतीला.

याच सुमारास, १८३२ मध्ये, फॅरेडेने आपल्या प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना क्रमाने आकडे घालायला सुरुवात केली. शिस्त हे एक कारण झालं. दुसरं असं की त्याची स्मरणशक्ती दगा देत होती. चक्कर, डोकेदुखी, विसर पडणं. १८३९ नंतर तर तो पुरता खचला, १८४१ मध्ये काही महिने स्वित्झर्लंडला विश्रांतीसाठी गेला. वर्षानुवर्षं पारा आणि क्लोरीनमध्ये वावरल्याचा तो परिणाम होता का, यावर लोक वाद घालतात. तो परत आला आणि १८४५ मध्ये चुंबकाने प्रकाशाची पातळी फिरवून दाखवली. पण विसर वाढतच गेला. उतारवयात एकदा काही आठवडे खपून केलेलं काम आपण महिन्यांपूर्वीच करून ठेवलं होतं, हे त्याला आपलीच जुनी वही चाळताना कळलं. ती वाक्यं त्याच्याच अक्षरात होती आणि करणारा तो त्याला आठवत नव्हता. मला त्याच्या सगळ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत जास्त लागला.

मान त्याने फारसे घेतलेच नाहीत. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. तो सँडेमनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा होता, तिथे संपत्ती जमवणं बसत नव्हतं. मुलांसाठी नाताळची व्याख्यानं मात्र त्याने आवडीने दिली, एकूण १९ वेळा. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्टला राहायला घर दिलं. प्रयोगवहीतली शेवटची नोंद मार्च १८६२ ची, क्रमांक १६,०४१. चुंबकाने ज्योतीच्या प्रकाशाचा रंग बदलतो का हे त्याने तपासलं, काही दिसलं नाही, तसं लिहिलं. झीमनला ते १८९६ मध्ये दिसलं, उपकरणं सुधारल्यावर. २५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरेडे आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे वेस्टमिन्स्टर ॲबेत नव्हे, हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली त्याला पुरलं.

रविवारी सकाळी गच्चीवर गेलो. झाकण बाहेर काढलं, नळाखाली धरलं आणि जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने काळा गाळ काढला. एक गोष्ट सांगायला हवी. ही क्रिया गेलेलं लोखंड परत आणत नाही. गंज निघतो, खड्डा राहतो. दोन ठिकाणी पत्र्याला आरपार भोकं पडलेली होती, तिथल्या ओळी कायमच्या गेल्या. बाकी ठिकाणी राखाडी पत्र्यावर आकडे काळ्या रेषांनी उभे राहिले. बाबांचा सात नेहमी एकासारखा दिसायचा, तोही तसाच. बावीसपैकी तेरा ओळी वाचता आल्या. लगेच हेअर ड्रायरने वाळवलं, कारण ओलं लोखंड अर्ध्या तासात पुन्हा लालसर व्हायला लागतं. बाकी पार्टना रेड ऑक्साइड प्रायमर आणि रंग दिला. सीटच्या रुळांना नुसतं ग्रीस. झाकणाला बाहेरून रंग, आतून फक्त पारदर्शक लॅकरचे तीन हात.

दिवाळीला ते घेऊन घरी गेलो. आईने झाकण उंबऱ्यावर उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मग शेडमध्ये जाऊन मीटर वाचून यायला सांगितलं. शेवटची कोरलेली ओळ ६१,१७० ची आणि मीटरवर ६१,३८२. म्हणजे ऑइल बदलून बाबा फक्त २१२ किलोमीटर फिरले होते. काका म्हणाले, मग ऑइल नवंच आहे की. मी सांगितलं, तीन वर्षं उभ्या गाडीतलं ऑइल नवं नसतं, ते आधी काढावं लागेल, आणि जाम झालेलं इंजिन सुटलं तरच पुढचं. भंगारवाल्याला काकांनी फोन करून नको म्हणून सांगितलं, निदान पुढच्या मे महिन्यापर्यंत. सीटच्या स्प्रिंगा अजून तशाच गंजलेल्या आहेत. त्यांचं काय करायचं ते फिटर काकांना विचारायचं आहे.